तीस रुपयांचा जीव

गेल्या महिन्यात मी एका मत्स्यालयाच्या दुकानात उभा होतो. माझ्या पुढे एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. त्यांनी काचेची छोटी टाकी घेतली, रंगीत खडे घेतले, प्लास्टिकचं झाड घेतलं आणि त्याच पिशवीत दहा लाल कोळंब्याही घेतल्या. मुलाने विचारलं, "यांना काय करावं लागतं?" दुकानदार म्हणाला, "काही नाही. घरी जा, पाणी भरा, सोडा. मेल्याच तर तीस रुपयांची गोष्ट आहे."

मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या धंद्यात कशाला बोला, असा विचार केला. घरी येईपर्यंत त्या गप्प बसण्याचीच लाज वाटायला लागली. त्या मुलाला त्या दिवशी दोन धडे मिळाले. एक, जीव पाळायला काही करावं लागत नाही. दोन, जीव मेला तर हिशोब रुपयांत करायचा. मी गेली अठरा वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझे धडे मुलं विसरतात हे मला माहीत आहे. असे धडे मात्र ती विसरत नाहीत.

म्हणून जे त्या दिवशी बोललो नाही ते इथे लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की, घरातल्या टाकीत कोळंबी पाळणं हा उत्तम शौक आहे, पण आज तो ज्या पद्धतीने विकला जातो, शिकवला जातो आणि मिरवला जातो, ती पद्धत चुकीची आहे. त्या चुकीचं मूळ एकच आहे. जीव स्वस्त आहे, म्हणून जबाबदारीही स्वस्त, असं आपण धरून चाललो आहोत.

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे कुणी मला साळसूद समजणार नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने हट्ट केला आणि मीही अशाच एका दुकानातून टाकी आणि बारा कोळंब्या एकाच दिवशी आणल्या. दुसऱ्या दिवशी दोन आडव्या पडल्या. दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, "पाणी बदला." सगळं पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी पाच गेल्या. पुन्हा पाणी बदललं. आठवड्याच्या आत टाकीत खडे आणि प्लास्टिकचं झाड उरलं. मुलगी म्हणाली, "अब्बू, आपण त्यांना काय केलं?" मी म्हणालो, "काही नाही बेटा, त्या कमजोर होत्या." हे खोटं होतं. त्या कमजोर नव्हत्या. मी अडाणी होतो.

ही लाल कोळंबी, जिला शौकीन लोक 'रेड चेरी' म्हणतात, तिचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ घर पूर्व चीन, तैवान आणि कोरियाच्या आसपासचे गोड्या पाण्याचे ओढे. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. चिवट म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि ते खरंही आहे. पण चिवट म्हणजे अमर नव्हे. नव्या कोऱ्या टाकीत ती जगत नाही याचं कारण नववीच्या विज्ञानातलं आहे. कोळंबीच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया तयार होतो. ओढ्यात तो वाहून जातो. टाकीत तो साचतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असं नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ते खड्यांवर, स्पंजवर, पानांवर वस्ती करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टाकी आज आणली तर कोळंबी पुढच्या महिन्याच्या अखेरीस आणायची. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते तयार झालं असं नाही. अमोनिया दिसत नाही.

एवढं एक वाक्य दुकानदाराने सांगितलं असतं, "टाकी आज न्या, कोळंबी सहा आठवड्यांनी न्यायला या", तर माझ्या बारा वाचल्या असत्या. तो सांगत नाही, कारण त्याला भीती असते की गिऱ्हाईक परत येणार नाही. आणि आपण विचारत नाही, कारण आपल्याला आजच हवं असतं. दोष अर्धा-अर्धा आहे. मरण मात्र पूर्ण तिच्या वाट्याला येतं.

दुसऱ्यांदा मी घाई केली नाही. एका जुन्या शौकिनाकडून त्याच्या टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणला, म्हणजे जिवाणूंचं विरजणच म्हणा. साधा स्पंज फिल्टर लावला, कारण जोराच्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. नळाचं पाणी घेताना क्लोरीनचा विचार केला. साधं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेल्या पाण्यातून ते निघून जातं. क्लोरामाइन असेल तर नाही, मग त्यासाठी औषध टाकावं लागतं. आमच्या शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे. त्याची लाल होऊन गळलेली पानं रोज झाडून जाळली जात. मी चार पानं धुऊन, वाळवून टाकीत टाकली. पाण्याला चहासारखा फिकट रंग आला आणि आठवडाभरात पानांवर बुळबुळीत थर धरला. कोळंबीचं खरं अन्न हाच थर आहे. ती दिवसभर तो चरत असते. दुकानातली खाण्याची डबी हे तोंडी लावणं झालं, आणि आपण रोज चमचाभर टाकून त्याचं विष करतो.

पाण्याचा कठीणपणाही मला तेव्हाच कळला. कोळंबी वाढते तशी कात टाकते आणि नवं कवच बांधायला तिला पाण्यातून कॅल्शियमसारखी खनिजं लागतात. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. त्यात खनिजं कमी पडली तर कोळंबी कात टाकतानाच अडकून मरते. घाटावर बोअरचं पाणी अनेक ठिकाणी याच्या उलट, फार कठीण. म्हणून औरंगाबादच्या माणसाने सांगितलेला उपाय चिपळूणच्या माणसाने डोळे झाकून करू नये. आपल्या पाण्याची तपासणी आपणच करावी. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. पण तीस रुपयांच्या जिवासाठी दोनशे रुपयांची तपासणी कोण करणार, असं म्हणून आपण सोडून देतो.

दीड महिना रिकामी टाकी बघताना घरात चेष्टा झाली. पाहुणे विचारायचे, "मासे कुठे आहेत?" मुलगी सांगायची, "पाणी शिजतंय." मग दहा कोळंब्या आणल्या. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांची ओळख व्हावी म्हणून बारीक नळीने थेंब-थेंब पाणी दोन तास सोडत बसलो. एकही मेली नाही. पुढे काय झालं ते सांगायला मला आजही आनंद होतो. एका मादीच्या पाठीवर, डोक्याच्या मागे, पिवळसर ठिपका दिसू लागला. ती आतली अंडी. मग एका सकाळी तिने कात टाकली आणि टाकीतले सगळे नर वेड लागल्यासारखे वर-खाली पोहू लागले, कारण कात टाकलेली मादी पाण्यात गंध सोडते. दुसऱ्या दिवशी अंडी तिच्या पोटाखाली आली. वीस-पंचवीस असतील. पोटाखालच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालत राहिली, अंडी वर-खाली करत राहिली. तीन-साडेतीन आठवडे हे काम अखंड चाललं. शेवटी शेवटी अंड्यांत काळे डोळे दिसू लागले. आणि मग एका रात्री मुलगी ओरडली, "अब्बू, पानावर काहीतरी चालतंय!" दोन मिलिमीटरची, पारदर्शक, पण सगळे अवयव जागच्या जागी असलेली पिल्लं. या जातीत मध्ये अळीची अवस्था नसते. पिल्लू जन्मतःच छोटी कोळंबी असतं. त्याच्या उलट अमानो कोळंबीचं. जपानचे ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाण्यासाठी ती लोकप्रिय केली, पण तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, म्हणून घरच्या टाकीत तिची पैदास जवळजवळ होत नाही. दुकानात मात्र दोन्ही एकाच आवाजात विकल्या जातात, "पिल्लं होतात, घेऊन जा."

आता धंद्याकडे येतो, कारण इथे माणसांचंही नुकसान आहे. आजकाल मोबाईलवर एक गणित फिरतं. एक मादी, पंचवीस पिल्लं. दहा माद्या, अडीचशे. तीन महिन्यांत पिल्लं वयात येतात. वर्षात हजारो. गुणिले तीस रुपये. घरबसल्या कमाई. माझा एक माजी विद्यार्थी, आयटीआय करून घरी बसलेला, या गणिताला भुलला. पाच हजार भरून त्याने कुणाचं तरी 'ट्रेनिंग' घेतलं. आईच्या भिशीचे पैसे आले होते, त्यांतून आठ टाक्या घेतल्या. कोळंब्या आणल्या, सोबत गप्पीही ठेवल्या. सुरुवात बरी झाली. मग गप्पींच्या अंगावर पांढरे ठिपके आले. दुकानातून औषध आणलं, मापाप्रमाणे टाकलं. सकाळी गप्पी पोहत होते आणि त्या टाक्यांमधल्या सगळ्या कोळंब्या तळाला होत्या. बाटली घेऊन तो माझ्याकडे आला. लेबलावर लिहिलं होतं, कॉपर सल्फेट. माशाला बरं करणारं तांबं कोळंबीला मारतं. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं, आपल्या रक्तात लोह असतं तसं. तरी पाण्यातलं थोडंसं जास्त तांबंही तिला सोसत नाही. पाच हजारांच्या ट्रेनिंगमध्ये हे एक वाक्य नव्हतं. डासांच्या मशीनमधलं द्रव्य कीटकांसाठी बनवलेलं असतं आणि कोळंबी ही कीटकांची लांबची नातेवाईक आहे, हेही नव्हतं. मे महिन्यात पाणी तिशीच्या वर तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि कुरिअरची पिशवी भट्टी होते, हेही नव्हतं.

आणि समजा सगळं जमलं, तरी गणित चुकतंच. जी वस्तू प्रत्येक घरात आपोआप वाढते, तिला भाव कसा राहील? माझ्याच टाकीत वर्षभरात दीड-दोनशे झाल्या. मी त्या फुकट वाटल्या, तरी घेणारे संपले. धंदा कोळंबीचा होत नाही, स्वप्नाचा होतो. ज्याने ट्रेनिंग विकलं त्याने कमावलं. त्या मुलाच्या आईची भिशी परत आली नाही. बेरोजगार तरुणाला असं गणित दाखवणाऱ्याला मी शिक्षक म्हणून माफ करू शकत नाही.

आता रंगाचा प्रश्न. लाल कोळंबी निसर्गात लाल नसते. ती मळकट तपकिरी, अर्धवट पारदर्शक असते. त्यातल्या जरा लाल दिसणाऱ्या निवडून, पुन्हा त्यांतल्या निवडून, पिढ्यानपिढ्या माणसाने हा रंग घडवला. तशाच निळ्या, पिवळ्या, नारिंगी, काळ्या. सगळी एकच जात. लाल आणि निळी एका टाकीत ठेवा, काही पिढ्यांत नातवंडं आजोबांच्या मूळ तपकिरी रंगावर येतात. माझ्या टाकीतही अशी दहा-बारा आली. एक शौकीन मित्र घरी आला आणि म्हणाला, "सर, ही खराब आहेत. काढून टाका, नाहीतर लाइन बिघडेल." मी विचारलं, "काढून कुठे टाकू?" तो म्हणाला, "माशांना घाला, नाहीतर गटारात."

मला निवड करून पैदास करण्याबद्दल तक्रार नाही. शेतकरी बियाणं निवडतो, शेळी निवडतो. वेगळ्या रंगासाठी वेगळी टाकी ठेवा, हे मी समजू शकतो. पण 'खराब' हा शब्द मला खटकला. ती कोळंबी खाते, कात टाकते, अंडी सांभाळते. खराब काय आहे? तिचा रंग आपल्या दिवाणखान्याला शोभत नाही, एवढंच. शुद्ध रंगाच्या नादाने जिवंत जीव कचऱ्यात काढायला मन तयार होतं, तेव्हा नुकसान फक्त कोळंबीचं होत नाही. ही सवय मनाला लागते. वर्गात साठ मुलं असतात. कोणतं 'लाइन बिघडवतं' याचा विचार करणारा शिक्षक मी पाहिला आहे. मला तसं व्हायचं नाही. ती दहा-बारा मी एका जुन्या बरणीवजा टाकीत वेगळी ठेवली. आज ती खिडकीत आहेत, आणि पाहुण्यांची पोरं आधी त्यांच्याकडेच जातात, कारण पानाच्या रंगात ती लपतात आणि शोधायला मजा येते.

गटारात किंवा ओढ्यात सोडणं हा तर वेगळाच अपराध. अनेकांना ते पुण्याचं काम वाटतं, बिचारीला आझाद केलं. पण परक्या पाण्यातला जीव आपल्या पाण्यात सोडणं म्हणजे आझादी नव्हे. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा काच साफ करतो म्हणून लोकांनी घरात आणला आणि मोठा झाल्यावर पाण्यात सोडला. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. खायला कुणी घेत नाही आणि अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो. ही लाल कोळंबीसुद्धा हवाई, जर्मनी, जपान अशा ठिकाणी टाक्यांमधून बाहेर पडून ओढ्या-नद्यांत स्थिरावली आहे. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत स्वतःच्या लहान कोळंब्या आहेत. पावसाळ्यात पोरं ओंजळीत धरतात ती चिंगळं. त्यांच्या घरात पाहुणी, आणि पाहुणीबरोबर तिच्या अंगावरचे परजीवी, सोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? नको असतील तर द्या, बदला करा, दुकानात परत करा. पाण्यात सोडू नका.

उलटी बाजूही सांगतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मातानो सरोवरात कार्डिनल नावाची लाल, पांढऱ्या ठिपक्यांची कोळंबी आहे. २००९ मध्ये शास्त्राने तिला नाव दिलं. ती दुसरीकडे कुठेच नाही, आणि आज ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. शौकिनांच्या टाक्यांत मात्र तिची पैदास होते. म्हणजे हा शौक नीट केला तर जीव वाचवू शकतो. घ्यायचीच तर घरात जन्मलेली घ्या, सरोवरातून उपसलेली नको. विकत घेताना एवढं विचारायला काय जातं?

आता तो प्रश्न, जो हा लेख वाचताना निम्म्या वाचकांच्या मनात आला असेल. "सर, तुम्ही कोकणातले. तुमच्या घरात कोळंबीचं सालन होतं, जवळ्याची चटणी होते. किलोने खाता आणि तीस रुपयांच्या एकीसाठी रडता?" हो, खातो. लपवत नाही. पण खाण्यालाही कायदा आहे. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ज्याचं पोट त्यावर आहे तो कोळी, तो दालदी, दोन महिने थांबतो. आपण शौकासाठी सहा आठवडे थांबू शकत नाही? आणि जाळ्यात आलेली कोळंबी कुणी काचेत कोंडून, आठवडाभर विषारी पाण्यात तडफडत ठेवून, मुलांना दाखवत नाही. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहानपणापासून सांगतात. तिचा गुन्हा मांजर ठेवण्याचा नव्हता. तिने खायला दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायला सोडलंही नाही. काचेच्या चार भिंती आपण उभ्या केल्या की आतल्या पाण्याचा हिशोब आपल्या नावावर चढतो. हदीस न मानणाऱ्यांसाठी राज्यघटनेचं कलम ५१ क आहे. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे त्यात नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. त्यात प्राण्याची किंमत लिहिलेली नाही.

मी सातवीच्या वर्गात 'पाळणे' हा शब्द शिकवतो तेव्हा फळ्यावर तीन वाक्यं लिहितो. त्याने शेळी पाळली. त्याने शब्द पाळला. त्याने वेळ पाळली. उर्दूत 'पालना' म्हणजे फक्त वाढवणं. मराठीने त्या एका क्रियापदात वचन आणि वेळही घातली आहे. पूर्वी मी हे व्याकरण म्हणून शिकवायचो. आता टाकीकडे बघून शिकवतो.

दुकानदार भावांना माझी विनंती आहे. टाकी आणि जीव एकाच दिवशी विकू नका. दुकानात एक पाटी लावा. तुमचं गिऱ्हाईक सहा आठवड्यांनी परत येईल, आणि त्याच्या कोळंब्या जगल्या तर पुढची दहा वर्षं येत राहील. ट्रेनिंग विकणाऱ्यांना विनंती नाही, त्यांना प्रश्न आहे. तुमची कमाई कोळंबीतून किती आणि फीमधून किती, हे एकदा जाहीर सांगा. आईवडिलांना एवढंच सांगतो की, मुलाने हट्ट केला तर नाही म्हणू नका. आधी रिकामी टाकी आणा आणि त्याला वाट बघायला लावा. सब्र शिकवणारी याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

त्या दुकानात मी काल पुन्हा गेलो होतो. त्या मुलाच्या टाकीचं काय झालं, हे दुकानदाराला आठवत नव्हतं. मी त्याला एका कागदावर उर्दूत आणि मराठीत पाटी लिहून दिली. त्याने ती घेतली, वाचली आणि गल्ल्याखाली ठेवली. लावली की नाही, ते बघायला पुढच्या रविवारी जाणार आहे.